सेऊलच्या राजवाड्याची दोन तिकिटं

माझी पत्नी वसुधा फेब्रुवारीत गेली. सोमवार होता. मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. तिच्या ऑफिसातून फोन आला. मी टॅक्सीने हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा डॉक्टर दाराबाहेर थांबले होते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी आणि माझी मुलगी रेवा कोरियाला जाऊन आलो. परतल्यावर इथल्या, इंग्लंडातल्या लेस्टरच्या मंडळींनी विचारलं, कोरियाच का? काशीला गेलो असतो, निदान पुण्याला, तर कुणी विचारलं नसतं. प्रत्येकाला थोडं थोडं वेगळं उत्तर देत गेलो. ते एकदा सलग लिहावं म्हणून बसलो आहे.

वसुधा शिक्षणाने आर्किटेक्ट होती. काउंटी काउन्सिलमध्ये शाळांच्या इमारतींची देखभाल बघायची. तिचं बरंचसं नोकरीचं आयुष्य गळकी छपरं आणि बिघडलेले बॉयलर यांत गेलं. "या देशात पाऊस पडतो हे यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं," असं ती सपाट छपरांच्या शाळांबद्दल म्हणायची. या नोकरीच्या आधी तिने शेफील्डला एक कोर्स केला. तिथे तिच्या वर्गात इम नावाची कोरियन मुलगी होती. दोघींना पावाचा कंटाळा आला होता आणि दोघींना भात हवा होता, तिथून मैत्री झाली. इमने तिला कोरियातली घरं तापवण्याची जुनी पद्धत सांगितली. चुलीचा धूर आणि ऊब खोलीच्या दगडी जमिनीखालून फिरवायची आणि पलीकडच्या अंगाला धुरांड्यातून बाहेर सोडायची. सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात राणीच्या महालाखालचा धूर असाच जमिनीतून मागच्या बागेत जायचा आणि फुलझाडांत उभ्या असलेल्या विटांच्या धुरांड्यांतून निघायचा. हे ऐकल्यापासून वसुधाला ती धुरांडी बघायची होती. लोकांना ताजमहाल बघायचा असतो, हिला धुरांडी.

ऐंशी साली इम परत गेली. जाताना तिने पर्समधली दहा हजार वॉनची एक नोट वसुधाच्या हातात ठेवली. नोटेच्या पुढच्या बाजूला त्यांची लिपी तयार करणारा राजा, मागे त्याच राजवाड्यातला दरबाराचा महाल. "तुम्ही दोघं या. याच नोटेने राजवाड्याची तिकिटं काढा आणि उरलेल्या पैशांतून मला जेवायला घाला," ती म्हणाली.

आमच्या घरात आलेली नोट सरळ देवघरात गेली. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला वसुधाने चांदीच्या रुपयाशेजारी ती मांडली, हळदीकुंकू वाहिलं आणि अनामिकेने राजाच्या कपाळावर कुंकवाचा ठिपका लावला. मी म्हटलं, "अगं, त्यांचा राजा आहे तो."

"पाहुणा आहे," ती म्हणाली. "सणाला पाहुण्याला कोरडं ठेवतात का?"

पुढे दर दिवाळीला तसंच झालं. आधीच्या ठिपक्यावर नवा ठिपका. पुढे तो ठिपका न राहता राजाच्या भुवयांपर्यंत उतरलेला लाल डाग झाला.

जायचं मात्र राहून गेलं. एका वर्षी बॉयलर बदलला, एका वर्षी तिची आई येऊन राहिली, मग रेवाची ए लेव्हल्सची परीक्षा, मग कॉलेजात माणसं कमी करणार अशी हवा होती. "अहो, पुढच्या वर्षी नक्की," ती म्हणायची, कधी मी म्हणायचो. आम्हाला वर्षांची ददात नव्हती, निदान तसं वाटायचं.

रेवा वॉटफर्डला नोकरी करते. उन्हाळ्यात ती घरी आली होती. देवघरातली धूळ पुसताना नोट उचलून माझ्यापुढे धरली. "बाबा, हा राजा किती वर्षं wait करतोय. आपण जाऊ या ना."

मी इमला पत्र टाकलं.

सेऊल, गुरुवार

विमानतळावर इम दोन्ही हात पुढे करून आली. पंधरा वर्षांपूर्वी लेस्टरच्या आमच्या स्वयंपाकघरात पातेलं खरवडून भात खाणारी ही मुलगी आता चष्मा लावलेली, राजवाड्याच्या दुरुस्तीच्या कामावरची मोठी बाई झाली होती. ती माझा हात बराच वेळ दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मग रेवाकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तू तुझ्या आईसारखी उभी राहतेस. एका पायावर भार टाकून."

तिचं घर नदीच्या दक्षिणेला, एकाला एक लागून उभ्या असलेल्या उंच इमारतींत दहाव्या मजल्यावर. दारात बूट काढायचे, हे आपल्यासारखंच. आत पाय टाकला तर जमीन गरम. आता धूर नसतो, गरम पाण्याचे पाइप असतात. जेवायला जमिनीवरच बसलो. लेस्टरला आमच्याकडे येणारे इंग्रज शेजारी दारात बूट काढायला सांगितलं की मोज्याला भोक आहे का ते आधी बघतात. इथे त्याची गरज नव्हती, सगळे एकाच पंगतीत.

इमने आठवण ठेवून मांस बाजूला केलं होतं. भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठाची आमटी, पालकाची कोशिंबीर आणि मुळ्याचं लाल लोणचं. ते लोणचं खाऊन रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, हे आजीच्या लोणच्यापेक्षा तिखट आहे."

"आजीसमोर बोलू नकोस."

"आजी पुण्यात आहे. तिला ऐकू नाही जाणार."

कित्येक महिन्यांनी आम्ही जेवताना हसलो. लगेच मला वाटलं, या पंगतीला आपण उशिरा आलो.

शुक्रवार

सकाळी इमने माझ्याजवळचे पौंड बदलून आणले आणि नव्या नोटा टेबलावर मांडून त्यांची ओळख करून दिली. आम्ही राहतो तिथे नोट कुठलीही असो, वरची बाई एकच. इथे हजाराच्या नोटेवर एक विद्वान, पाच हजारांच्या नोटेवर दुसरा विद्वान. त्यांच्या मागच्या बाजूंना लढाई नाही, किल्ला नाही. एकीवर शिकवण्याची जागा, दुसरीवर त्या विद्वानाचं घर. दहा हजारांवर लिपीवाला राजा. सेनापती आहे, पण त्याला शंभराच्या नाण्यावर बसवलं आहे. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला हा क्रम बरा वाटला. दुकानातही बघत होतो. पैसे देताना माणसं उजव्या हाताने देतात आणि डावा हात उजव्या कोपराला लावतात, आपण थोरांच्या हातावर काही ठेवताना कधीकधी करतो तसं. वसुधा असती तर तिने पहिल्या दुकानातच तसं केलं असतं. मी दोनदा विसरलो.

दुपारी राजवाड्याला गेलो. समोरचं दृश्य चमत्कारिक होतं. जपानी राजवटीत राजवाड्याच्या ऐन तोंडावर एक प्रचंड दगडी कचेरी बांधली होती, अशी की शहरातून बघणाऱ्याला राजवाडा दिसूच नये. ती आता पाडायला घेतली होती. माथ्यावरचा कळस नुकताच उतरवला होता. बोडकी इमारत पुढे, आणि तिच्या मागे काळ्या कौलांची वळणदार टोकं जेमतेम दिसत होती. आम्ही बाजूच्या फाटकाने तिकिटाच्या खिडकीशी गेलो.

मला एवढंच करायचं होतं. त्या नोटेने दोन तिकिटं काढायची. बाकी सगळा प्रवास त्यासाठीच होता.

मी नोट दोन्ही हातांनी खिडकीत सरकवली. आतल्या माणसाने ती घेतली, उलटली, पुन्हा सुलटी केली, शेजारणीला दाखवली. शेजारीण राजाकडे बघून चपापली. मग ती नोट माझ्याकडे परत आली, तीही दोन्ही हातांनी. इम त्याच्याशी बोलली. आधी हळू, मग जरा चढ्या आवाजात. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"ही जुनी नोट आहे. मी परत आले त्यानंतर लवकरच ही चलनातून काढली. आता दहा हजारांवर मागे दुसरा मंडप आहे, तळ्यातला. मला हे लक्षात यायला हवं होतं, मिस्टर साठे. पत्रात विचारायला हवं होतं. तो म्हणतो, ही घेता येणार नाही."

म्हणजे आम्ही बॉयलर बदलत होतो तेव्हाच ती नोट मेली होती आणि आम्ही दर दिवाळीला तिला कुंकू लावत होतो.

इम म्हणाली, "तुम्ही माझे पाहुणे. मी इथेच काम करते. तिकिटाची गरजच नाही, चला."

मी नको म्हटलं. रेवा म्हणाली, "बाबा, it's just a ticket."

"असेल."

"मग? आपण इतका लांब आला आणि आत नाही जाणार? फक्त नोटमुळे?"

ती थोडी बाजूला झाली, परत आली आणि हळूच विचारलं, "दुसरं तिकीट कोणासाठी आहे? माझ्यासाठी की आईसाठी? मला खरं सांगा. मी रागवणार नाही."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी."

इमने वेळ सावरून नेली. ती आम्हाला तिथून पूर्वेला असलेल्या दुसऱ्या राजवाड्यात, चांगदोकगुंगला घेऊन गेली. तिथली तिकिटं तिने काढली, मी काढू दिली. ग्योंगबोकगुंग म्हणे सरळ रेषेत आखलेला, हा मात्र टेकडी जशी वळली तसा वळलेला. एक दरवाजा ओलांडला की रस्ता काटकोनात फिरतो, दुसरा ओलांडला की पुन्हा. खांबांच्या माथ्यावर लाकडाचे हात एकावर एक बसवले आहेत आणि तेच एवढं जड छप्पर तोलून धरतात. हिरवा, तांबडा, निळा असे रंग छपराच्या सावलीत दिले आहेत, उन्हात नाहीत. मागच्या बागेत एक घर मात्र बिनरंगाचं आहे. राजाला सामान्य सरदारासारखं राहावंसं वाटलं की म्हणे तिथे यायचा. त्या घराची दारं उचलून आढ्याच्या आकड्यांना टांगता येतात. तशी ती टांगली की भिंतच नाहीशी होते आणि खोलीची ओसरी होते. इमने आम्हाला ते आकडे दाखवले. झाडांची पानं लाल-पिवळी झाली होती. रेवा आमच्या बरीच पुढे चालत होती.

रात्री जेवण झाल्यावर इम म्हणाली, "नोट चलनात नाही, पण बँक अजून बदलून देते. उद्या शनिवार, बँका दुपारपर्यंत उघड्या आहेत." आमचं परतीचं विमान रविवारी होतं. मी लगेच हो म्हटलं.

शनिवार

बँकेत खूप गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या तरुण मुलीने नोट घेतली आणि आपलं बोट लाल डागापासून लांब ठेवत इमला काहीतरी विचारलं.

इम संकोचून म्हणाली, "ती विचारते आहे, हे रक्त आहे का?"

"नाही, नाही. कुंकू." आता कुंकवाला इंग्रजीत काय म्हणायचं? "आमच्याकडे दिवाळीला लक्ष्मीची पूजा असते. पैशाची, म्हणजे नुसती पैशाची नाही... माझी पत्नी दर वर्षी राजाच्या कपाळाला लावायची. मान म्हणून."

इमने ते कोरियनमध्ये सांगितलं. मुलीने तोंडावर हात धरला, पण डोळे हसत होते. इम मला म्हणाली, "आमच्याकडे जिवंत माणसाचं नावसुद्धा लाल शाईने लिहीत नाहीत. लाल म्हणजे मेलेल्याचं. तिला आधी वाटलं कुणी राजाला शिव्याशाप दिले आहेत. आता विचारते आहे, राजाने पूजेचं काही फळ दिलं का?"

"नवा बॉयलर," रेवा म्हणाली.

हे भाषांतर ऐकून शेजारच्या काउंटरवरचा माणूसही हसला. मुलीने नोट उजेडात धरली. डाग असला तरी नोट पुरी आहे, बदलून मिळेल, म्हणाली. मग तिने नोट हातात तशीच धरून माझ्याकडे बघितलं आणि एक प्रश्न विचारला. इमने तो मला सांगितला, "खात्री आहे ना? परत मिळणार नाही."

"खात्री आहे," मी म्हटलं. मला तिकिटांची खिडकी दिसत होती, दुसरं काही नाही.

ती नोट काउंटरखाली गेली आणि नवी कोरी नोट वर आली. नवी थोडी आखूड आहे.

खिडकीत कालचाच माणूस होता. त्याने नोट घेतली, दोन तिकिटं दिली, सुटे पैसे दिले. सगळं एका मिनिटात झालं. एक तिकीट मी रेवाला दिलं. ते दोन्ही हातांनी घेऊन ती म्हणाली, "थँक यू, बाबा."

दरबाराच्या महालापुढे दगडी फरसबंद अंगण आहे. दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवले आहेत. ऊन डोळ्यांवर परतू नये आणि दरबाऱ्यांनी पायाखाली बघून, खाली मान घालून चालावं म्हणून, असं इमने सांगितलं. बाहेरून छपरं दोन दिसतात, एकावर एक. आत डोकावलं की मजला एकच, सरळ आढ्यापर्यंत मोकळा आणि वर दोन सोनेरी ड्रॅगन. छपराच्या कोपऱ्यांवर चिनी मातीच्या प्राण्यांची ओळ बसली आहे. रेवाने त्यातल्या एकाला काउन्सिलचा इन्स्पेक्टर म्हटलं.

मग राणीच्या महालाच्या मागे गेलो. महाल नव्याने बांधून काढलेला, लाकडाला अजून ताजा वास होता. मागची बाग मात्र जुनी आहे. पायऱ्यापायऱ्यांची, झुडपांची, आणि तिच्यात ती धुरांडी. विटकरी रंगाची, सहा बाजूंची, माणसापेक्षा उंच. प्रत्येक बाजूवर फुलं, पक्षी आणि हरणं कोरलेली, वर चिमुकलं कौलारू छप्पर. ती धुरांडी आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. वाटावं, बागेत कुणी पाहुणे उभे आहेत.

इम म्हणाली, "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वसुधाने काय विचारलं माहीत आहे? म्हणाली, धूर इतका लांब न्यायचा तर ओढ कशी मिळते? जमिनीला चढ किती? बाकी सगळे विचारतात, हरणं का कोरली."

मी तिथे उभा राहून तिच्या वतीने बघायचा प्रयत्न केला. चढ किती हे मला कळलं नाही. धुरांड्यांकडे बघत राहिलो. आपण ठरवलं ते केलं, असं काही क्षण वाटलं. तिची इच्छा होती, ती झाली.

रेवा धुरांड्याच्या पायरीशी बसली होती. हातातलं तिकीट उलटसुलट करत होती. ती म्हणाली, "बाबा, त्या नोटवर आईचं बोट होतं."

मला आधी कळलं नाही.

"लाल डाग. तिने बोटाने लावलं ना, दर वर्षी. मला लहानपणी वाटायचं की ती त्याला गुड नाइट म्हणते. मला बँकेत बोलायचं होतं. पण तुम्ही इतके... तुम्हाला तिकीट पाहिजे होता. मग मी joke केला."

वसुधाचे कपडे आम्ही देऊन टाकले होते. तिच्या चष्म्याचं काय झालं ते मला माहीत नाही. तिच्या हाताने केलेल्या गोष्टी घरात किती उरल्या होत्या? ऑफिसातली ड्रॉइंग्ज काउन्सिलची. आणि तिच्या बोटाची एकावर एक पंधरा दिवाळ्यांची खूण मी काउंटरवर दिली होती, खात्री आहे म्हणून. तिला हवं होतं ते केलं आणि तिचं होतं ते देऊन बसलो.

इमला मराठी येत नाही, पण ती समजली. घड्याळ बघितलं. बँक बंद झाली होती. सोमवारी स्वतः जाऊन विचारते, म्हणाली. तिलाही माहीत होतं आणि मलाही, की अशी नोट आल्याबरोबर शिक्का मारून रद्द होते. तरी तिने दोनदा सांगितलं, सोमवारी जाते.

बाहेर पडताना नव्या नोटेवरचा तळ्यातला मंडप बघितला. दगडी खांबांवर उभा, तळ्यात अर्धा उतरलेला. त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत, अलीकडच्या काठावरून बघायचा. आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. रेवाने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, थंडी वाजते म्हणून, लहानपणी घालायची तसा. मी म्हटलं, "काल विचारलंस ना, तिकीट कोणासाठी. मी खरं सांगितलं नव्हतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आजचं माझं होतं, ओके?"

"हो. आजचं तुझं."

उरलेल्या पैशांत इमला जेवायला घालायचं होतं. तिने पैसे देऊ दिले. थंड शेवयांचं दुकान होतं. पैसे देताना मी डावा हात कोपराला लावला.

लेस्टर

आम्ही परतलो आणि थोड्याच दिवसांत दिवाळी आली. इथल्या भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवे लागले. रेवा वॉटफर्डहून आली, येताना साखरेच्या पाकातल्या मिठाया घेऊन, ज्या वसुधाला कधी आवडल्या नाहीत. पूजा मला सांगता येत नव्हती आणि तिला करता येत नव्हती. दोघांनी मिळून केली, बरीचशी चुकली. इमचं पत्र त्याच आठवड्यात आलं. ती सोमवारी बँकेत गेली होती. मुलगी हळहळली, पण नोट पुढे पाठवली गेली होती.

मी इमला उत्तर लिहिलं. त्यात चार ओळींपेक्षा जास्त लिहिता आलं नाही, म्हणून खाली एक प्रश्न घातला, धुराला ओढ मिळायला जमिनीला चढ किती असावा लागतो? तीन आठवड्यांनी चार पानी उत्तर आलं, आकृत्यांसकट. मला त्यातलं अर्धं समजलं नाही. पुन्हा विचारलं.

याला आता दोन वर्षं होतील. वसुधाची लेस्टरमधली मित्रमंडळी हळूहळू यायची थांबली, त्यांचा दोष नाही. रेवा महिन्यातला एक रविवार माझ्याकडे असते. इमची पत्रं येतात, पूर्वी वसुधाला यायची तशीच, दोन-तीन महिन्यांनी एक. पाकिटावर आता माझं नाव असतं.